बारा तारखेचा मंगळवार

आमच्या गावचं गायरान गेलं. भगवानरावांच्या खडी क्रेशरला, ग्रामसभेच्या एकमतानं.

आता वरचं वाक्य मी लिहिलंच नाही असं समजा. न झालेली ग्रामसभा कागदावर होते, तर झालेलं वाक्य पुसायला काय जड आहे?

तर गायरान अजून आहे आणि मी, अंगद, भगवानरावांच्या घड्याळांना चावी देतो. नोकरीच ती. मालकांकडे अकरा जुनी परदेशी घड्याळं. महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी कधी एकोणतीसचा, सगळं त्यांचं त्यांना कळतं. एकवीसशे सालापर्यंत तारखेला हात लावायचं काम नाही, फक्त घड्याळ थांबू द्यायचं नाही. गावाच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. या अकरा जणांना रोज सकाळी चावी मिळते.

बारा फेब्रुवारीला, गुरुवारी, सगळं गाव बाजाराला गेलतं. त्याच दिवशी ग्रामसभा झाल्याचा कागद निघाला. आमच्या एकोणीस शेळ्या त्या गायरानावर जगतात. माझ्या आईनं, केसरबाईनं, दुसऱ्याच दिवशी तक्रार ठोकली. चौकशी लागली.

रविवारी, पंधरा तारखेला, मालकांनी मला बोलावलं. अंगणात सतरंजी, सतरंजीवर त्यांचेच बारा गडी. ही ग्रामसभा.

“अंगद, सोन्याच्या घड्याळात बारा तारीख कर. मनगट दिसंल असा फोटू काढायचाय.”

“मोबाईलचीच तारीख बदला की, मालक.”

“मोबाईलवर कोण इस्वास ठेवतंय बे? हे घड्याळ चुकत न्हाई. साऱ्या दुनियेला ठाव हाय.”

मी गेवराईला जलालुद्दीनचाचांना फोन लावला. ही घड्याळं उघडायची हिंमत फक्त त्यांच्यात.

“चाचा, तारीख तीन दिवस मागं न्यायचीय.”

“मागं न्हाई जात, बेटा. चाकं तुटतील. पुढंच जा. तारखांचा चार सालाचा फेरा हाय, तो पुरा व्हायच्या तीन दिवस आधी थांब. बाजूचं बटन टाचणीनं दाब. एक दाब, एक दिवस. चौदाशे अठ्ठावन्न.”

“लई झाले!”

“झूट लई लांबून जातंय. आणि ऐक, वार बी संगं पुढं सरकतो, तारीख जुळंल, वार न्हाई जुळणार. नुसत्या वाराचं बटन अलग हाय.”

मी दाबत बसलो. चारशेव्या दाबाला ग्रामसभा घोरायला लागली. आठशेव्याला वाटलं, एवढी वर्षं गेली, आता नळ आला असेल. जाऊन बघितलं. नव्हता आला. हजाराला अंगठ्याला फोड आला. कुणाच्या शेळ्या, कुणाचा अंगठा, कुणाचं क्रेशर!

शेवटी बारा आली. बारा फेब्रुवारी, मंगळवार. वाराचं बटण टाचणीपासून बोटभर लांब होतं. मी टाचणी खिशात घातली. मालकांनी नुसता आकडा बघितला, ग्रामसभेला उठवलं आणि फोटो काढला.

चौकशीचे साहेब मालकांच्या ओसरीवर आले तेव्हा मी आईला सगळं सांगून ठेवलं होतं. तिनं फोटोवर बोट आपटलं.

“साहेब, बारा तारखेला गुरुवार होता. घड्याळात मंगळवार हाय. कोणच्या दुनियेत भरली ही सभा?”

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग फोटोतलं घड्याळ.

“भगवानराव, हे चुकत नाही ना?”

“एकवीसशेपर्यंत गॅरंटी हाय.”

“मग कॅलेंडर चुकलंय,” साहेब म्हणाले, आणि तसं लिहूनही घेतलं.

आईनं खिळ्यासकट कॅलेंडर उपटलं आणि साहेबांच्या मांडीवर आदळलं. “मंग गायरानासंगं हे बी न्या!”

दुसऱ्या दिवशी मी एकाही घड्याळाला चावी दिली नाही. अकराच्या अकरा मेली. मग शांतपणे बसून अर्ज लिहिला:

प्रति, माननीय चौकशी अधिकारी.
विषय: शिल्लक गुरुवारबाबत.

महोदय, आपल्या अहवालानुसार १२ फेब्रुवारी ही तारीख मंगळवारी पार पडली. सबब त्या तारखेचा गुरुवार शासनाकडे विनावापर पडून आहे. सदर गुरुवारी कोणतीही सभा झालेली नसून गायरान गावाच्याच ताब्यात होते. तरी तो गुरुवार श्रीमती केसरबाई व त्यांच्या एकोणीस शेळ्यांना चरण्यासाठी कायमस्वरूपी देण्यात यावा, ही नम्र विनंती.