काठापासून चाळीस मीटर

ऋतानं होडीच्या कडेवरून पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राची वायर सोडली आणि पडद्याकडे पाहिलं. खोली सात मीटर. गाळात कलंडलेली एक होडी. काठ जेमतेम चाळीस मीटरवर.

जिल्ह्यातल्या धरणांत, तलावांत बुडालेल्या होड्यांची ती नोंद करत होती. या होडीत एकोणचाळीस वर्षांपूर्वी आठ माणसं गेली होती. वाचला तो एकटा नावाडी, आकाराम. तोच आता समोर वल्हं धरून बसला होता.

"काका, तुम्ही तर धरणाच्या मधोमध म्हणाला होता."

"म्हटलं हुतं."

"मग?"

आकारामनं तोंड पुसलं. "तानाबाईच्या पोराचं बारसं हुतं. तिच्याच म्हायेरची माणसं, तिची थोरली भन, समदी घिऊन आलतो. पावसानं हात दिसंना. हितं खोडाला घासून उलटली. वरडून वरडून घसा फुटला. तानाबाई काठावर हुती. तिला वाटलं, पावणं आलं, दंगा करत्यात. गेली पळत भात टाकायला. दुसऱ्या दिशी तिनंच सांगितलं मला. म्हटलं, बाई, होडी मधी बुडाली. तितनं हाक येत न्हाई. तू ऐकलास त्यो पाऊस."

"आणि पावसात मधोमध होडी घातली म्हणून गाव तुम्हाला बोलतं."

"बोलू दे की. वल्हं माझ्याच हातात हुतं न्हवं?"

ऋतानं वहीत आकडे लिहिले. जागेचा रकाना मात्र कोरा ठेवला.

दुपारी तानाबाई ओटीचं ताट घेऊन होडीत बसली. दर वर्षी याच दिवशी ती यायची. मधोमध आल्यावर आकारामनं वल्हं थांबवलं. पडद्यावर एकोणीस मीटरखाली नुसता सपाट गाळ होता.

"पोरी, हितंच हाय न्हवं माझी आक्का?"

आकाराम वल्ह्याचा दांडा नखानं खरवडत राहिला.

"हो, आजी. इथंच."

तानाबाईनं नारळ सोडला, खण सोडला, हळदकुंकू वाहिलं. तांदूळ मात्र मुठीतच राहिले. ऋताला वाटलं, विसरली.

आकारामनं होडी वळवली. काठ जवळ आला. पडद्यावर कलंडलेल्या होडीचा आकार सरकू लागला, तेव्हा तानाबाईनं पदर सावरला, हात पाण्यात घातला आणि मूठ उघडली. तांदूळ पांढरे दिसले, मग दिसेनासे झाले.

आकारामचं वल्हं हवेतच राहिलं.

"थांबलास का?" त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "वल्हव की. काठ हाकंवर तर हाय."