आवाज काढणारा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. लगेच नाक मुरडू नका. थंडीत घालतात तो लोकरीचा मोजा नव्हे, मी बेसबॉलचा आहे, गाईच्या जाड कातड्याचा. या खेळात चेंडू फेकतो तो पिचर, आणि त्याच्यासमोर उकिडवा बसून झेलतो तो कॅचर. मी कॅचरच्या डाव्या हातातला. मी फुगलेल्या उशीसारखा दिसतो हे मला माहीत आहे, कुणी सांगायला नको.

माझा जन्म जपानातल्या नारा प्रांतातला. ज्या कारागिराने मला शिवलं, त्याने आधी मला लाकडी हातोडीने मनसोक्त बडवलं. मग कातडी वाद्या ओवून माझी बोटं एकमेकांना बांधली. शेवटी त्याने माझ्या तळव्यात आपली मूठ आपटली आणि कान देऊन ऐकलं. 'बोलतो हा,' असं म्हणून त्याने मला खोक्यात ठेवलं. ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी समुद्र ओलांडून जपानातल्याच एहिमेला आलो, उत्सुनोमियांच्या घरी. डोंगरउतारावर संत्र्यांची बाग, खाली निळं पाणी. घरातला मुलगा इवाओ शाळेच्या संघात कॅचर झाला होता, म्हणून त्याच्या वडिलांनी मला आणलं. रोज अंघोळ झाली की इवाओ मला तेल लावायचा, माझ्यात एक चेंडू ठेवायचा आणि दोरीने आवळून बांधायचा. खेळून परत येताना पोरं मैदानाला नमस्कार म्हणून कमरेत वाकायची, तेव्हा मीही त्याच्या काखेत वाकायचो. मला कधी कुणी जमिनीवर पालथा टाकला नाही. असे लाड फार कमी वस्तूंच्या वाट्याला येतात, आणि मी ते अगदी हक्काने करून घेतले.

आता माझ्या विद्येविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. आमच्याकडे कॅचरची पारख आवाजावरून होते. चेंडू माझ्या नेमक्या खोलगट जागी घेतला, की फटाक असा आवाज उठतो आणि समोरच्या पिचरला वाटतं, आज आपल्या हातात वीज आहे. चेंडू मेंगळट असला तरी हरकत नाही. चांगला कॅचर मनगट असं काही पुढे करतो, की त्या मेंगळट चेंडूचाही फटाका होतो. याला कुणी लबाडी म्हणत नाही. पाहुण्याला चहा द्यावा, तसा पिचरला आवाज द्यायचा असतो. आणि या कलेत इवाओचा हात धरणारा कुणी नव्हता.

पुढे इवाओने बाग सांभाळली, फुसाएशी लग्न केलं, आणि त्यांना तेप्पेई झाला. हा तेप्पेई मार्केटला न जाणारी डागाळलेली संत्री उचलून टेलिफोनच्या खांबावर मारत सुटायचा. फुसाए ओरडायची, "अरे, खाण्याची वस्तू आहे ती!" इवाओने एकदा दारातून ते पाहिलं आणि निमूट फळीवरून मला काढलं. संत्री भरायच्या शेडपुढचं अंगण, एवढीच त्या डोंगरावरची सपाट जागा. तिथे बापलेकांचा रोजचा खेळ सुरू झाला. सुटलेला चेंडू थेट समुद्राच्या रस्त्यापर्यंत घरंगळत जायचा आणि जो चुकला त्याने तो आणायचा.

तेप्पेई मोठा झाला आणि त्याचा चेंडू माझ्यात येऊ लागला, तेव्हा मी खरोखर थक्क झालो. तो चेंडू शेवटी शेवटी खाली पडायचं विसरून जायचा. त्याला आमच्याकडे जिवंत चेंडू म्हणतात. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चेंडू गिळले आहेत, पण तसा चेंडू आला की माझ्या वाद्यांपर्यंत शहारा जायचा. देवळात घंटा वाजल्यावर माणसं गप्प होतात ना, तसं काहीतरी मला व्हायचं.

तो व्यावसायिक संघात गेला आणि मी फळीवर गेलो. तक्रार नाही, तिथे संघाचे स्वतःचे कॅचर होते. गावातले लोक टीव्हीला चिकटून बसायचे आणि मी फळीवरून बघायचो. माझ्यावर धूळ बसली, तेल मिळेनासं झालं. जरा वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग तेप्पेईचा कोपर दुखू लागला. त्याने कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडची ही खास चूक आहे: दुखतंय म्हणणं म्हणजे सोबत्यांना अडचणीत टाकणं, असं वाटून माणूस हसतमुखाने चेंडू टाकत राहतो. संघाने विचारलं की तो म्हणायचा, छान आहे. स्वतःलाही तेच सांगायचा. आणि एका संध्याकाळी भर सामन्यात कोपरातला बंध तुटला.

डॉक्टरांनी डाव्या मनगटातला दोरीसारखा स्नायुबंध काढून उजव्या कोपरात ओवला. हे ऐकलं आणि मी माझ्या वाद्यांकडे पाहिलं. माणसालाही अशी नवी वादी घालता येते, याचं मला आजही नवल वाटतं.

वर्ष उलटून गेलं. संत्री पिवळी झाली आणि तेप्पेई घरी आला. जेवताना त्याने सांगितलं, "संघ एक वर्षाचा करार देतोय. मुख्य संघात नाही, तयारीच्या पोरांमध्ये. पाठीवर तीन आकडी नंबर. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

तेप्पेई एकतिसाव्या वर्षात होता. तयारीची पोरं म्हणजे नुकती शाळा सुटलेली. तीन आकडी नंबर घालून त्यांच्याबरोबर चेंडू गोळा करायचे, आणि वर्षाअखेर हात चालला नाही तर उघड्यावर. नाही म्हटलं तर बाग होती. इवाओचे गुडघे उतारावर कुरकुरत होते, आणि मुलगा घरी राहिला तर त्याला हवंच होतं. मला माहीत आहे, कारण फळीशी एकटा उभा राहून तो माझ्यापाशी पुटपुटायचा.

पण त्या जेवणात इवाओ म्हणाला, "तुला वाटेल तसं कर."

फुसाए म्हणाली, "तुझं तू ठरव. आमचा विचार करू नकोस."

आणि तेप्पेई मान हलवून मिसोचं सार पीत बसला. प्रत्येकजण दुसऱ्याची सोय बघत होता आणि मधल्यामध्ये उत्तर काही निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओगाता न्हावी तोडणीला मदतीला आला. तो इवाओचा बालमित्र, जिभेला हाड नसलेला. "तीन आकडी नंबर?" तो कात्री चालवत म्हणाला. "बरंय की. दोन आकडे या वयात मला लांबून दिसतच नव्हते."

तेप्पेई हसला, पण लगेच गंभीर झाला. "काका, नंबराचं काही नाही हो. हाताचं आहे. संघाचं यंत्र वेग सांगतं. चेंडू जिवंत आहे का, ते नाही सांगत. आणि माझं मला विचारायची सोय नाही. मागच्या वेळी मी स्वतःला छान आहे म्हणूनच सांगत होतो."

"मग बापाला विचार. त्याच्या हाताने काय थोडे झेललेत?"

अशा रीतीने मी फळीवरून खाली आलो. इवाओने मला पुसलं, तेल लावलं, चोळलं. मला रडू येतं की काय असं झालं होतं. संत्र्यांचे पिवळे क्रेट मागे रचले आणि इवाओ लोखंडी जाळीचा मुखवटा घालून कण्हत कण्हत खाली बसला.

पहिला चेंडू आला. फटाक. दुसरा. फटाक. डोंगरावर आवाज घुमत होता, ओगाता टाळ्या पिटत होता, आणि मला तेवढं कळत होतं, की चेंडू मेले होते. कोपर बरा होता, पण तेप्पेई घाबरून हात आवरत होता. आवाज सगळा इवाओचा होता. मुलगा घरी हवा असलेला हा माणूस, त्याने नुसतं मनगट सैल सोडलं असतं तर काम झालं असतं, पण तो जीव ओतून आवाज काढत होता. मित्रांनो, एवढा मोठा माणूस माझ्या आत हात घालून बसलाय, याची जाणीव मला त्या क्षणी झाली, आणि मी अगदी लहान झालो.

तेप्पेई थांबला. तो काही परका नव्हता. "बाबा, तुम्ही आवाज काढताय."

"चेंडूच चांगला येतोय."

"लहानपणापासून ऐकतोय मी तुम्हाला. खरं सांगा ना. एकदा तरी."

इवाओ मुखवटा सारखा करत राहिला. तेव्हा फुसाए हातातली टोपली ठेवून पुढे आली. बापलेकांच्या खेळात ती कधी बोलायची नाही, म्हणून सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं. तिने इवाओचा हात माझ्यातून ओढून काढला आणि तळवा मुलाला दाखवला.

"हे बघ. तू शाळेत असताना हा तळवा संध्याकाळी वांग्यासारखा व्हायचा. मी बर्फ लावायची. आज बघ, पांढराफटक आहे. आवाज काढता येतो, सूज नाही आणता येत." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, आणि तुम्ही. तो विचारतोय तर सांगायचं. लपवालपवी तो तुमच्याकडूनच शिकला."

इवाओने मान खाली घातली. मग तो म्हणाला, "मला तू घरी हवा आहेस. फार हवा आहेस. आता खरं सांगितलं. तूही खरा चेंडू टाक. कोपर गेला तर गेला, संत्री डाव्या हातानेही तोडता येतात."

इवाओने पुन्हा माझ्यात हात घातला आणि तेप्पेईने चेंडू बोटांत घट्ट धरला. मग त्याने पाय उचलला.

तो चेंडू मला दिसलाच नाही. हातातून सुटताना दिसला आणि एकदम माझ्यापाशी होता. मधला प्रवास त्याने केला की नाही, कोण जाणे. इवाओने मनगट पुढे केलं, पण चेंडू त्याच्या आधी पोचला होता. तो माझ्या भलत्याच जागी, अंगठ्याच्या मुळाशी आदळला. भद्द असा आवाज आला, ओल्या पोत्यासारखा. माझी एक जुनी वादी तुटली. इवाओ मागच्या क्रेटवर पाठ आपटून बसला आणि संत्री भराभर उतारावरून समुद्राकडे निघाली.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत इवाओच्या हातात माझा इतका भिकार आवाज कधी निघाला नव्हता. ओगाताची टाळी अर्ध्यावरच राहिली. मुलाच्या चेंडूने बापाला आवाज काढायची सवडच दिली नव्हती. हे आधी तेप्पेईला कळलं. तो पळत आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने बापाचा तळवा उघडला. अंगठ्याखाली लालबुंद गोळा उठत होता. तेप्पेई तो तळवा कपाळाला लावून हसत आणि रडत होता.

"कोपर?" इवाओने विचारलं.

"जरा ताठलाय. दुखत नाही. दुखला तर सांगेन, बाबा. या वेळी सांगेन."

"मग जा. एक वर्ष तर एक वर्ष."

सोमवारची वाट न बघता त्याने होकार कळवला. आता तो कुठल्याशा थंड मैदानावर पोरांबरोबर चेंडू गोळा करतो. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, त्यालाही नाही. इवाओने मला नवी वादी घातली आहे. ती जुन्या वाद्यांपेक्षा उजळ दिसते आणि जरा बोचते. रोज अंघोळीनंतर मला तेल मिळतं.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू फळीवर असेल. तिला खाली काढा, पुसा, तिची तुटलेली वादी बदला. आणि तुमच्या माणसाने कधी तुम्हाला खरं विचारलं, तर कृपा करून गोड आवाज काढू नका. मी आयुष्यभर गोड आवाज काढत आलो, पण माझ्या मालकाने कपाटात जपून ठेवला आहे तो एकच चेंडू, भद्द वाजलेला.