कव्हरवरचं कपाळ

सकाळी दार उघडलं तर शेजारची रंगुबाई डोळ्याला पदर लावून उभी. मला बघितलं आणि तिचं रडणं थांबलं. "तू हायेस व्हय रं?" एवढंच म्हणाली आणि मटकन ओट्यावर बसली.

मी होतो की. फौजेतून सुट्टीवर आदल्याच संध्याकाळी आलो होतो, त्यामुळे गावात कुणाला पत्ता नव्हता. मी मेलो कसा, हे कळायला रंगुबाईचा मोबाईल बघावा लागला. त्यात कुणीतरी पाठवलेलं माझ्या बायकोच्या, संयोगिताच्या, गाण्यांच्या रेकॉर्डचं कव्हर होतं. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, रिकामा गळा आणि समोर जात्यावर फुटलेल्या हिरव्या बांगड्या. जवानाच्या बायकोचा असा फोटो दिसल्यावर आमच्या तासगावकडं कुणी चौकशी करत बसत नाही. सरळ दारात येऊन रडतात.

इतकी वर्षं सीमेवर काढली, पण स्वतःचं मरण असं हातात धरून बघायची वेळ कधी आली नव्हती. संयोगिता पांढरीफटक पडली. फोटो काढताना कुंकू, मंगळसूत्र, चुडा सगळं अंगावर होतं, असं ती शपथेवर सांगत होती.

रेकॉर्ड होती जात्यावरच्या ओव्यांची. ओव्या माझ्या आईच्या, शालूबाईच्या. वडील गेल्यावर दळता दळता तिनं एकटीनं जुळवलेल्या. त्या चार माणसांनी ऐकाव्यात एवढीच तिची हौस होती. आता तिचा आवाज राहिला नव्हता, म्हणून त्या संयोगितानं गायल्या. रेकॉर्ड काढत होता साताऱ्याचा अनीश, पुण्याला डिझाईन शिकून आलेला.

दुपारी तो पहिली प्रत घेऊन आला. सकाळचा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. तबकडीचं ते मोठं चौकोनी पाकीट मांडीवर घेऊन तो हौसेनं एकेका गोष्टीचा अर्थ सांगायला लागला. कपाळ कोरं ठेवलं, म्हणजे नजर थेट डोळ्यांवर जाते. त्यासाठी त्यानं कॉम्प्युटरवर कुंकू, मंगळसूत्र, चुडा पुसला होता, लुगडं पांढरं केलं होतं आणि जात्यावर फुटक्या बांगड्या बसवल्या होत्या. पांढरा रंग म्हणजे पीठ आणि शांतता. फुटलेल्या बांगड्या म्हणजे तुटलेलं बंधन. पोरानं मन लावून काम केलेलं दिसत होतं, पण माझं डोकं फिरलं.

"बंधन म्हंजी मी का रं?" मी विचारलं. "मला मारल्याबिगर तुजं कपाळ कोरं हुईना व्हय?"

अनीशचा चेहरा खाडकन उतरला. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो माफी मागायला लागला, पण मी ऐकतोय कुठला. असलं अभद्र तोंड माझ्या घरातून बाहेर जाणार नाही, म्हणालो. असलं पांढरं कपाळ बघून कोण गाणं ऐकेल, म्हणालो. ही रेकॉर्डच नको, सगळ्या प्रती जाळून टाक, असंही म्हणालो. संयोगिता हातानं मला गप्प बसायची खूण करत होती. मला वाटलं ती त्याची बाजू घेतेय, म्हणून माझा आवाज आणखीच चढला.

आई खांबाला टेकून बसली होती. तिनं पाकीट मागून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वडीलही फौजेत होते, तिथंच कामी आले, मी पाळण्यात असताना. आईच्या कपाळाला कुंकू मी जन्मात पाहिलेलं नाही. ते कपाळ रोज समोर असताना मी हे सगळं बोललो होतो.

"पोरा," ती अनीशला म्हणाली, "हिचं कुकू हिला माघारी दे. कवरावर माजा फोटू घाल. माजं काय बी पुसाय लागायचं न्हाई."

अनीशनं माझ्याकडे बघितलं. त्यानं कॅमेरा काढला. आईनं पदर नीट केला आणि मला म्हणाली, "जरा बाजूला सर. उजेड अडतुया."