उद्याशेठची कॉलरवाली

कारखान्यात त्या दोघींना कुणी नावाने हाक मारत नसे. सख्ख्या जावा, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. मशिनीही शेजारी शेजारी. धाकटी शर्टांच्या कॉलरी शिवायची, थोरली त्या गळ्याला जोडायची. पुढे बाह्या, मग काजं, बटणं आणि शेवटी इस्त्री. कॉलर थांबली की पुढची सगळी ओळ हातावर हात ठेवून बसायची.

मालकाला मात्र बायकांनी नाव ठेवलं होतं, उद्याशेठ. पगाराचं विचारलं की उत्तर ठरलेलं, उद्या नक्की. दोन महिने झाले, तो उद्या काही उजाडला नव्हता. आता नवा वायदा होता. शाळेच्या गणवेशाची ही ऑर्डर ट्रकमध्ये चढू दे, समोरून पैसे येऊ देत, मग सगळ्यांचं चुकतं करतो. तोवर माझ्याकडेच विष खायला पैसा नाही, असं तो म्हणायचा. काम सोडून जावं तर मागचं बुडालंच. म्हणून त्या सकाळी बायकांनी हळू आवाजात ठरवलं होतं की जेवणाच्या सुट्टीनंतर कुणी मशीन चालू करायचं नाही. ट्रक यायच्या आत पगार हातात, नाहीतर माल पडू दे तसाच. धाकटीनेही मान डोलावली होती.

खरं तर तिच्याइतकी घाई कुणालाच नव्हती. नवरा पाय मोडून अंथरुणावर, आणि सकाळीच घरमालकीण दारात उभी राहून सांगून गेली होती की दिवेलागणीपर्यंत थकलेलं भाडं आलं नाही तर सामान बाहेर आणि खोलीला माझं कुलूप.

सुट्टीला थोडा वेळ असताना मालकाने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ड्रॉवर ओढून नोटांची एक गड्डी तिच्यापुढे सरकवली. दोन महिन्यांचा पुरा पगार.

"बाहेर काय शिजतंय ते कळतं मला," तो म्हणाला. "तू त्यात पडू नकोस. तुझं मशीन चालू राहिलं की बाकीच्यांचा धीर सुटतो. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे."

धाकटीच्या डोळ्यांपुढे रस्त्यावर टाकलेली खाट आली, खाटेवर नवरा. हात आपोआप पुढे गेला. नोटा उचलताना तिने पाहिलं, ड्रॉवर अजून अर्धा उघडा होता आणि आत तशाच आणखी गड्ड्या होत्या. मालकाने गुडघ्याने ड्रॉवर ढकलला.

गड्डी कमरेला खोचून ती जागेवर येऊन बसली. कॉलर उलट्या बाजूने शिवायची, टोकाशी जास्तीचं कापड कातरायचं, मग सुलटी करून टोक बाहेर काढायचं. कातर टाक्याच्या फार जवळ गेली तर ते टोक फुटतं. तिच्या हातून असं कधी होत नसे. आता एकामागून एक फुटू लागली. थोरलीने फुटकी कॉलर बोटावर धरली, मग जावेकडे पाहिलं. आत काय म्हणाला तो, असं विचारलं. धाकटी म्हणाली, काही नाही, कॉलरी लवकर हव्यात म्हणे.

सुट्टीत थोरलीने आपल्या डब्यातलं अर्धं तिच्या झाकणात वाढलं. भाड्याचं तिला ठाऊक होतं. आमच्याकडे या सरळ, ती म्हणाली, एका खोलीत इतके झोपतो तिथे आणखी दोघं काही जड नाहीत. पलीकडून काजवाली म्हणाली की दिरांचा पाय प्लास्टरमध्ये, दुमडायचा नाही, तेव्हा तेवढा खिडकीतून बाहेर काढा. सगळ्या हसल्या. धाकटी मान खाली घालून जेवत राहिली. अन्न पुढ्यात असताना खोटं बोलायचं तिला आजवर जमलं नव्हतं, आणि आज तर ती न बोलताच खोटं बोलत होती. सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली.

घंटा थांबली, पण मशिनी सुरू झाल्या नाहीत. बायका हात मांडीवर ठेवून बसल्या. मालक केबिनच्या दारात आला. तो बाकी कुणाकडे बघत नव्हता, फक्त तिच्याकडे. तिचा पाय मशीनच्या पायडलवर होता. नुसता दाबायचा अवकाश. कमरेची गड्डी टोचत होती.

तिने पाय उचलला आणि शेजारी जमिनीवर ठेवला.

मालकाचा चेहरा उतरला, मग तो हसला. "हिच्या भरवशावर बसलात होय? विचारा की हिला. पुरा पगार कमरेला खोचलाय. मघाशीच घेतलाय."

थोरलीने मान वळवलीच नाही. काजवाली तेवढी म्हणाली, "वा गं धाकटे, तुझं तर साधलं."

धाकटी उभी राहिली. गड्डी काढून मशीनवर ठेवली. तिचा आवाज इतका खाली होता की मागच्या ओळीतल्या पुढे वाकल्या.

"घेतला, खरं आहे. पण मालक, पैसा नाही म्हणालात ना? ड्रॉवरमध्ये अशाच गड्ड्या आहेत, मी पाहिल्या. यांचं आणा, मग माझं मशीन चालेल."

"ते दुसऱ्या कामाचे आहेत," मालक म्हणाला.

"म्हणजे आहेत," काजवाली म्हणाली.

इस्त्रीवाल्या काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि ते बायकांच्या ओळीत येऊन उभे राहिले. मालक म्हणाला की एकेक जण आत या, बघतो. तेव्हा कुठे थोरली बोलली.

"एकेकीला आत बोलावून झालं तुमचं. इथे आणा."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मालक आत गेला आणि गड्ड्या घेऊन आला. एकेकीच्या मशीनवर मोजून ठेवत गेला.

सगळ्यांत शेवटी थोरलीचे आले. तिने मोजून पदरात बांधले. धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई, जेवतानाच सांगणार होते मी."

"पैसे घेतलेस त्याचं काही नाही," थोरली म्हणाली. "माझ्या डब्यातलं खाताना गप्प बसलीस." मशीनवरची गड्डी तिने धाकटीकडे सरकवली. "जा, आधी त्या घरमालकिणीचं तोंड बंद करून ये. आपलं नंतर बघू."

नंतर म्हणजे कधी, हे विचारायची धाकटीची छाती झाली नाही.