काचही मऊ लागली तेव्हा

मी एक जुना, पेशी दाबून पाहणारा सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. नोएडातल्या एका प्रयोगशाळेत राहतो. केसाहून कितीतरी बारीक सुई मी जिवंत पेशीला अलगद टेकवतो आणि ती मऊ की ताठ, ते त्याच क्षणी पडद्यावर रेघ काढून सांगतो.

नवा होतो तेव्हा काय कौतुक! पाहुण्यांना प्रयोगशाळेचे प्रमुख सुधाकर सर आधी माझ्याकडे आणत. पुढे नवी यंत्रं आली. माझ्यावर आच्छादन घालायचं राहू लागलं. कुणीही माझ्या टेबलावर चहाचा कप आदळे आणि माझी रेघ थरथरे. दमलो होतो, पण काम सुटलं नव्हतं.

मयूर विहारहून मेट्रोने येणारी संशोधक अश्लेषा तेवढी माझ्यापाशी बसे. तेव्हा ती शिवांजलीचं रक्त तपासत होती. ही गडचिरोलीच्या एका जवानाची अकरा वर्षांची मुलगी, इथल्या छावणीत राहणारी. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे तिच्या तांबड्या पेशी ताठ होऊन बारीक नसांत अडकत आणि पोर कळवळे. नवं औषध सुरू होऊन तीन महिने झाले होते. मी पेशी दाबल्या. पूर्वीपेक्षा कितीतरी मऊ!

"बिल्कुल क्लिअर आहे. डॉक्टरांना आजच कळव," सर म्हणाले.

बाहेर बाकावर शिवांजलीची आई, भक्ती, बसली होती. "मॅडम, औषध लागू पडलं ना?"

"दहा मिनिटं द्या, ताई."

एवढा मऊपणा पाहून अश्लेषाला शंका आली होती. तिने माझ्याखाली नुसती काच ठेवली. मी दाबली, तर काचही मऊ लागली!

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुईच्या टोकावर जुन्या पेशींचा चिकटा साचला होता, आणि त्याचाच मऊपणा मी सांगत होतो. कित्येक महिने ती कुणी बदललीच नव्हती.

"सर, हे आकडे चुकीचे आहेत."

"यार अश्लेषा, आज रिपोर्ट द्यायचाय!"

"आज नाही देणार, सर."

नवी सुई यायला आठ दिवस लागले. पुन्हा रक्त आणलं, पुन्हा मी दाबलं. पेशी होत्या तशाच ताठ. अश्लेषा बाकावर भक्तीशेजारी जाऊन बसली. "ताई, हे औषध लागू पडलेलं नाही." भक्तीने मांडीवरची औषधांची पिशवी मिटली. मग म्हणाली, "बरं झालं, आत्ताच कळलं."

डॉक्टरांनी औषध बदललं. पुढच्या चार महिन्यांत शिवांजलीचं दुखणं एकदाच उठलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना पुसा, झाका, मधूनमधून तपासा. दमलो असं आम्हाला म्हणता येत नाही. आम्ही फक्त चुकतो, आणि तेही अगदी ठळक रेघेत.