मायना

बुर्गासच्या धक्क्यावर ‘मायना’ म्हणजे खाली सोड, आणि ‘वीरा’ म्हणजे वर घे. जहाज बल्गेरियन असो, ग्रीक असो की तुर्की, क्रेनखाली या शब्दांना दुसरा अर्थ नाही. क्रेनबाहेर मात्र ज्याचं त्याचं निराळं. धक्क्यावर क्रेनला हाका देणाऱ्या स्पासच्या गावी, प्लोव्दिवला, मायना म्हणजे ‘गड्या’. त्यामुळे फाटकाबाहेर पडला की तो पोस्टमनलाही मायना म्हणायचा. एकदा भारतातून आलेल्या जहाजावर रत्नागिरीकडच्या एका खलाशाने त्याला सांगितलं होतं, आमच्यात पत्राच्या सुरुवातीला लिहितात तो मायना. स्पासला त्याचं कोण कौतुक! ही गोष्ट त्याने बायकोला इतक्यांदा ऐकवली होती, की तो सांगत असताना ती मिरच्या भाजून, सोलून, बरणीत भरून मोकळी व्हायची.

बायको म्हणजे गिन्का, त्याच धक्क्यावर क्रेन चालवणारी. घरी नवऱ्याचं बोलणं ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. पण केबिनमध्ये चढली, की हीच बाई त्याच्या शब्दाबाहेर बोटभर हलत नसे. जहाजाच्या पोटात काय चाललंय ते वरून दिसत नाही. खाली उभा राहून हाक देणारा एकच असतो, आणि त्याचीच हाक चालते. ‘थांब’ म्हणायचा हक्क सगळ्यांना. वर घे, खाली सोड म्हणायचा फक्त त्याला. तो शब्द म्हणत राहील तोवर दांडा ओढायचा, आवाज तुटला की जागच्या जागी थांबायचं. या कामासाठी देवाने स्पासला घसा नाही, भोंगा दिला होता.

मार्चची सकाळ होती, सगळ्यांच्या छातीवर वसंताच्या शकुनाचे लाल-पांढरे दोरे लटकत होते. ग्रीक जहाजात लोखंडी गर्डरची जुडी उतरत होती. ती कुठेतरी अडली, निसटली, आणि केबिनला हिसका बसला. गिन्काने दांडा आवळून धरला, तेवढ्यात खालून ओरडा झाला.

“थांब! स्पास अडकला! स्पास खाली अडकला!”

मग एकच गिल्ला उठला. डेकवर वाकून बघणारा मुकादम कोलारोव हात नाचवत किंचाळला, “वीरा! गिन्के, वीरा! त्याच्या छातीवर आलंय!”

“वीरा! वीरा!” हमाल ओरडायला लागले, खलाशी ओरडायला लागले, जहाजाचा ग्रीक आचारी हातात झारा घेऊन तेच ओरडत होता.

गिन्काची मूठ दांड्यावर होती. तिला वर घ्यायचंच होतं. कुणाला नसतं घ्यायचं? पण ज्याचा शब्द हवा होता, त्याचा आवाज त्या गोंगाटात नव्हता. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“तो काय म्हणतोय?”

“तो काय म्हणणार, कपाळ!” कोलारोव ओरडला. “त्याला श्वास घेता येत नाहीये! अगं, नवरा आहे ना तुझा? दगड आहेस का?”

“मग तुम्ही तरी तोंडं मिटा, मेल्यांनो! मला त्याचं ऐकू द्या!”

“हिच्या डोक्यावर परिणाम झालाय,” म्हणत कोलारोव धावत क्रेनच्या शिडीशी आला आणि वर चढायला लागला. दांडा तो स्वतः ओढणार होता. गिन्काने दाराची कडी लावली. त्याच्या मुठी दारावर आदळायला लागल्या. खाली मात्र माणसं एकेक करून गप्प झाली.

तेव्हा जहाजाच्या पोटातून बारीकसा आवाज आला.

“मायना.”

“खुळा झालाय तो!” दाराबाहेरून कोलारोव ओरडला. “शुद्धीत नाही! खाली घेतलंस तर चिरडेल, गिन्के! सगळे वर घे म्हणतायत!”

नवऱ्याचं गिन्का घरी ऐकायची नाही, पण त्याचे सगळे आवाज तिला पाठ होते. तापातला, राकियाची दारू प्यायल्यावरचा, खोटं बोलतानाचा. हा त्यातला नव्हता. हा कामाचा आवाज होता, फक्त लांबून आल्यासारखा.

तिने दांडा खाली ओढला.

“मायना... मायना...” प्रत्येक शब्दाला बोटभर. बाहेर कोलारोव आता तिला शिव्या देत होता की देवाला आळवत होता, कळत नव्हतं. “मायना...”

आवाज तुटला. तिचा हात थांबला.

खालून काहीच ऐकू येईना. आपल्या हाताने आपण नवरा मारला, असं तिला वाटलं. “बोल ना रे,” ती म्हणाली. “एरवी तुझं तोंड मिटत नाही. बोल ना!”

“सुटला!” कुणीतरी ओरडलं. “हात सुटला! जिवंत आहे, बेशुद्ध पडलाय!”

जुडी खालच्या गर्डरवर आधीच टेकली होती, आणि जुडीच्या पोलादी दोरात स्पासचा हात खांद्यापर्यंत आवळला गेला होता. दोर थोडा जरी वर ओढला असता, तरी खांदाच उखडून निघाला असता. दोर सैल पडायला हवा होता, आणि ते खाली असलेल्या एकट्यालाच दिसत होतं. खाली जाऊन आलेल्या माणसाने हे सांगितलं, तेव्हा कोलारोव शिडीच्या पायरीवरच बसला. टोपी काढून त्याने तोंड पुसलं. “मी तर हातच उपटला असता त्याचा,” तो म्हणाला. गिन्काने कडी काढली.

संध्याकाळी इस्पितळात स्पास शुद्धीवर आला. खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर, चेहरा पांढराफटक. तो छताकडे बघत पडून राहिला. गिन्काने सफरचंद चिरलं, उशी नीट केली, खिडकी उघडली, लावली. त्याचं गप्प राहणं तिला सोसवेना.

“बोल काहीतरी,” ती म्हणाली.

“काय बोलू? डोकं खाऊ नको म्हणतेस ना नेहमी.”

“आज खा.”

त्याने जरा विचार केला. “एक खलाशी होता, रत्नागिरीकडचा...”

गिन्काने सुरी खाली ठेवली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. तो सावकाश, दम घेत सगळं सांगत गेला. पत्राच्या सुरुवातीला लिहितात, त्याला ते लोक मायना म्हणतात, इथे येऊन तो नेहमीप्रमाणे थांबला.

“आणि त्याच्या पुढे?” डोळे पुसत गिन्काने विचारलं. “पत्रात पुढे काय लिहितात रे?”