दुसरा डबा

हे सगळं २०१७ साली झालं. त्या वर्षी माझा उजवा गुडघा संपावर गेला आणि आईला घरात कंटाळा नको म्हणून मुलाने मला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला.

त्याच्या बऱ्याच आधी, मी पार्सल ऑफिसात नोकरीला असताना, आमचे हे गेले. मुलगा तेव्हा बाहेरगावी शिकत होता. घरात मी एकटी, पण हात सवयीने दोघांचेच तांदूळ घ्यायचा. यांचं ताट वाढायची, समोर ठेवायची आणि माझं जेवून झालं की तेही संपवायची. टाकायला हात धजत नसे. मुलाला कळलं असतं तर शिक्षण सोडून धावत आला असता, म्हणून त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला. ती रडली नाही की उपदेश केला नाही. म्हणाली, "भावोजींचा वाटा उद्यापासून डब्यात घालून आण. मी खाते."

आणि तिने तो खाल्ला, अगदी निवृत्त होईपर्यंत. एका रिकाम्या दुपारी आम्ही दोघी पार्सलच्या काट्यावर चढलो, तर वजनमास्तर म्हणाले, "बायांनो, एकेक करून चढा, काटा सरकारी आहे." त्या दिवसापासून मी दोनमण आणि ती अडीचमण. आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो.

निवृत्तीनंतर अडीचमणने शस्त्रक्रिया करून पोट लहान करून घेतलं. जगाला सांगितलं, पित्ताचे खडे काढले. दवाखान्यात तिच्या उशाशी मी होते, आणि कुणाला सांगणार नाही असं वचन तिने माझ्याकडून घेतलं होतं. बघता बघता ती वाळली. विचारणाऱ्याला सांगायची, "मनावर घेतलं, बस." मी गप्प राहायची. पोट तिचं, गोष्ट तिची.

नवा फोन आल्यावर तिनेच मला वजन कमी करणाऱ्यांच्या एका मोठ्या ग्रुपमध्ये घातलं. हजारो माणसं, आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या ताटाबद्दल मत. तिथे एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलं की लठ्ठपणा म्हणजे आळस नव्हे. अंगाचा पिंड असतो, मनाला बसलेला धक्का असतो, उगाच माणसाला दोष देऊ नका. लोक त्यांच्यावर तुटून पडले. तोंडावर ताबा नाही आणि म्हणे आजार, असा एकूण सूर. त्या गदारोळात अडीचमणने लिहिलं:

"माझी एक मैत्रीण आहे. नवरा गेल्यावर दोघांचा स्वयंपाक करायची आणि दोन्ही ताटं एकटी संपवायची. वर नाव दुःखाचं. आज गुडघे धरून बसली आहे. मीही तिच्यासारखीच होते. मी मनावर घेतलं, तिने नाही."

मी मटार सोलत होते. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खाली अंगठ्यांची रांग लागली होती. कुणी लिहिलं होतं, "नवऱ्याचं पेन्शन आणि नवऱ्याचं ताट, दोन्ही चालू!" त्याच्याखाली माझ्या मुलाचा फोटो, नव्याने ठेवलेल्या मिशीसकट. तोही या ग्रुपमध्ये आहे हे मला तेव्हाच कळलं. "अगदी बरोबर, मावशी. अशा लोकांना सहानुभूती नको, आरसा दाखवायला हवा."

काठी घेऊन मी तिच्या घरी गेले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण त्या दिवशी वाट सरता सरेना. दार उघडताच तिच्या लक्षात आलं.

"तुझं नाव कुठे घेतलंय मी?" ती म्हणाली.

"घेतलं असतंस तर बरं झालं असतं. माझ्या पोराने तरी हात आखडता घेतला असता."

अशा उदाहरणाने चार लोकांचं भलं होतं, असं काहीसं ती बोलत राहिली. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या उदाहरणात तू कुठे आहेस गं? दुसरं ताट कोण जेवत होतं?"

ती खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल नीट करत राहिली. मी निघाले तेव्हा हळूच म्हणाली, "खड्यांचं कुणाला सांगणार नाहीस ना?"

एवढंच. तिला चिंता होती ती तेवढीच.

घरी येऊन मी एकेक अक्षर शोधत सगळं लिहिलं. शस्त्रक्रिया, दवाखाना, खोटे खडे. एक बोट टेकवायचं बाकी होतं. पण गुंगी उतरताना तिने माझी करंगळी कशी घट्ट धरली होती ते आठवलं. सगळं पुसलं आणि दुसरं लिहून ग्रुपवर पाठवलं, "ती दोन ताटांची बाई मी. दुसरं ताट काही दिवस मी खाल्लं. पुढे ज्या मैत्रिणीने वर्षानुवर्षं खाल्लं, तिचे उपकार मी विसरलेले नाही." खाली माझं नाव होतंच.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नसतानाच माणूस खरं बोलतो, बाळा."

डॉक्टरीणबाई तो ग्रुप सोडून गेल्या. अडीचमणने आपलं लिहिणं काढून टाकलं. काही महिन्यांनी ती लेकीकडे राहायला गेली. वजन परत चढलं म्हणे. ऐकून मला आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही, आणि तेच जास्त लागलं. पार्सलच्या नगाला आम्ही डाग म्हणायचो; वजनमास्तर पेन्शनच्या कचेरीत भेटतात आणि विचारतात, "दुसरा डाग कुठाय?" मी म्हणते, पोचला ठिकाणावर. मुलगा दर रविवारी जेवायला येतो, भाजीचं कौतुक करतो. मी दुसऱ्यांदा भात घेतला की मात्र खिडकीबाहेर बघतो. पूर्वी माझ्या ताटात काय आहे याकडे त्याचं लक्षही नसायचं. आता तो यायच्या आधी मी थोडं खाऊन घेते.

यांच्या वाट्याचा तो डबा निवृत्तीच्या दिवशी तिच्या पिशवीत राहून गेला होता. उद्या देते म्हणाली होती. मी मागितला नाही, तिनेही पाठवला नाही.